कंपनीतील नवोपक्रमाचे व्यवस्थापन

नवी वस्तू, नवी प्रक्रिया किंवा धंद्याची नवी रीत सुचल्यापासून ती गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत अथवा शॉप फ्लोअरवर रुळेपर्यंतच्या वाटचालीला कंपनीने लावलेली शिस्त म्हणजे नवोपक्रमाचे व्यवस्थापन. शोध आणि नवोपक्रम हे शब्द बोलण्यात सर्रास एकमेकांच्या जागी येतात. या विषयात मात्र त्यांच्यात फरक धरतात. शोध लागतो, नवोपक्रम वापरात यावा लागतो. ओईसीडी या देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेच्या ‘ऑस्लो मॅन्युअल’ या नवोपक्रम मोजण्याच्या पुस्तिकेने (पहिली आवृत्ती 1992, चौथी 2018) हीच अट घातली आहे: वस्तू वापरणाऱ्यांपर्यंत पोचलेली किंवा प्रक्रिया प्रत्यक्ष सुरू झालेली असली पाहिजे. कपाटात पडून राहिलेले पेटंट या व्याख्येत बसत नाही.

या नोंदीतील बहुतेक उदाहरणे नाशिकची आहेत. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, दिंडोरी या पट्ट्यात मोटारी, विद्युत उपकरणे आणि त्यांचे सुटे भाग बनतात, ओझरला लढाऊ विमाने बनतात, आणि निफाड-दिंडोरीत द्राक्षबागा आहेत. मोठी कंपनी, तिला सुटे भाग पुरवून जगणारा छोटा व्हेंडर आणि यंत्राला स्वतःच फेरफार करणारा शेतकरी, तिघेही तासाभराच्या अंतरात भेटतात.

संकल्पनेची वाटचाल

अर्थशास्त्रज्ञ जोसेफ शुम्पेटर यांनी 1911 मध्ये ‘नव्या जुळण्यां’चे पाच प्रकार मांडले: नवी वस्तू, उत्पादनाची नवी पद्धत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत आणि उद्योगाची नवी रचना. शंभर वर्षे उलटली तरी ही यादी फारशी जुनी झालेली नाही. शुम्पेटर यांचा भर उद्योजक या व्यक्तीवर होता. पुढे मोठ्या कंपन्यांनी स्वतःच्या प्रयोगशाळा थाटल्या आणि हे काम एका माणसाच्या हिकमतीकडून खात्याकडे, खात्याकडून कार्यपद्धतीकडे सरकत गेले. हेन्री चेसब्रो यांनी 2003 मध्ये ‘ओपन इनोव्हेशन’ हा शब्द रूढ केला. कल्पना कंपनीबाहेरून आत आणि आतून बाहेर जाऊ द्याव्यात, असे त्यांचे म्हणणे. आता या विषयाला आयएसओ मानकही आहे: 56002 हे मार्गदर्शक मानक 2019 मध्ये आले आणि प्रमाणपत्र देता येईल असे 56001 हे 2024 मध्ये. प्रमाणपत्राची चौकट भिंतीवर लागल्याने नवे काही सुचत नाही, हे वेगळे सांगायला नको. पण मोठा ग्राहक ऑडिटला आला की ती दाखवता येते.

टप्पे आणि फाटके

सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत रॉबर्ट कूपर यांची ‘स्टेज-गेट’. प्राथमिक चाचपणी, धंद्याचे गणित, विकास, चाचणी आणि बाजारात आणणे असे टप्पे पाडायचे आणि प्रत्येक टप्प्याच्या तोंडाशी एक फाटक ठेवायचे. फाटकापाशी विक्री, उत्पादन, गुणवत्ता आणि हिशेब या खात्यांची माणसे बसतात आणि चारपैकी एक निकाल देतात: पुढे जा, थांबा, दुरुस्त करून परत आणा, बंद करा. पहिल्या फाटकापर्यंतचा खर्च किरकोळ असतो. डाय (साचा) बनवून घेतली, मशीनची ऑर्डर गेली, की मागे फिरणे महाग पडते. म्हणून नाही म्हणायचे ते लवकर म्हणावे, हे या पद्धतीचे मर्म आहे.

प्रत्यक्षात चौथा निकाल सर्वांत दुर्मीळ असतो. प्रकल्प बंद करायचा तर तो ज्याने सुरू केला त्याचा मान राखावा लागतो, आणि मालकाचीच कल्पना असेल तर फाटक उघडेच असते. असे प्रकल्प कागदावर मरत नाहीत. दर महिन्याच्या आढाव्यात ‘ट्रायल चालू’ एवढाच शेरा पडत राहतो, आणि त्यात अडकलेला टूलरूमचा (साचे-अवजारे बनवणाऱ्या विभागाचा) वेळ कुठल्याच हिशेबात येत नाही.

ड्रॉइंग कोणाचे?

सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नवोपक्रमाचा पहिला प्रश्न तंत्राचा नसून मालकीचा असतो. अंबडमधल्या एखाद्या युनिटला ग्राहकाकडून ड्रॉइंग येते. माप, टॉलरन्स (मापात चालणारा फरक), धातूचा ग्रेड, उष्णोपचार सगळे त्यावर लिहिलेले असते. व्हेंडरला दिसते की अमुक खाच अनावश्यक आहे, ती काढली तर एक ऑपरेशन वाचेल. पण ड्रॉइंग त्याचे नाही. मोटार उद्योगात सुटा भाग मंजूर करण्याची पीपीएपी ही पद्धत फोर्ड, क्रायस्लर आणि जनरल मोटर्स या कंपन्यांनी 1990 च्या दशकात एकत्रितपणे घालून दिली. तिच्यानुसार माल, प्रक्रिया, टूलिंग किंवा उत्पादनाची जागा बदलायची असली तरी ग्राहकाला आधी कळवावे लागते, नमुने आणि मापांचे अहवाल द्यावे लागतात. ही अट चुकीची नाही. ब्रेकच्या भागात कोणी परस्पर ‘सुधारणा’ करू नये, हे बरेच आहे. पण तिचा परिणाम असा की छोट्या कारखान्यातली बरीचशी कल्पकता ड्रॉइंगला हात न लावता जे बदलता येते तिथे एकवटते: जिग आणि फिक्स्चर (काम करताना भाग धरून ठेवणारी साधने), लोडिंगची पद्धत, पॅकिंग, सायकल टाइम (एक नग बनायला लागणारा वेळ).

दुसरी अडचण पैशाची. बचत सुचवण्यासाठी ‘व्हॅल्यू इंजिनिअरिंग’ ही जुनी पद्धत आहे. जनरल इलेक्ट्रिकमधले लॉरेन्स माइल्स यांनी ती 1940 च्या दशकात बसवली. वस्तूच्या प्रत्येक भागाला ‘तू काय काम करतोस आणि तेच काम स्वस्तात कसे होईल’ असे विचारायचे. झालेली बचत ग्राहक आणि व्हेंडर यांनी वाटून घ्यायची, असा करार असेल तर कल्पना येत राहतात. करार नसेल आणि ग्राहक दरवर्षी दरकपात मागत असेल, तर शहाणा व्हेंडर आपली सुधारणा गुपचूप वापरतो आणि पुढच्या कपातीसाठी राखून ठेवतो. याला चोरी म्हणता येत नाही. ग्राहकाने आखलेल्या व्यवस्थेचे ते सरळ फळ आहे.

ड्रॉइंगची जबाबदारीच व्हेंडरकडे सोपवली तर काय होते, याचे मोठे उदाहरण नाशिकमध्येच घडले. महिंद्रा अँड महिंद्राची स्कॉर्पिओ 2002 मध्ये बाजारात आली. तिचे उत्पादन नाशिकच्या कारखान्यात होऊ लागले. जीप आणि ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीने नवी गाडी मुळापासून उभी केली होती. त्यासाठी वेगवेगळ्या खात्यांतल्या माणसांचे एकत्र गट केले गेले आणि सुट्या भागांच्या पुरवठादारांवर निव्वळ उत्पादनाऐवजी आराखड्याचीही जबाबदारी टाकली गेली. प्रकल्पाचे नेतृत्व पवन गोएंका यांच्याकडे होते. पुढे 2012 मध्ये कंपनीचे मोठे संशोधन केंद्र चेन्नईजवळ उभे राहिले. कारखाना एका गावात आणि आराखडा दुसऱ्या गावात, अशी विभागणी मोठ्या उद्योगाला सोयीची असते. ज्या गावात फक्त कारखाना उरतो तिथल्या व्हेंडरला मात्र डिझाइनच्या माणसाला चहाला बोलावून ‘हे असे का?’ विचारता येत नाही.

ओझरचा हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना 1964 मध्ये मिग-21 विमानांसाठी सुरू झाला. तिथे दीर्घकाळ परवान्यावर उत्पादन झाले, म्हणजे ड्रॉइंग सोव्हिएत संघातून, पुढे रशियातून येत असे. परवान्याच्या उत्पादनात हाताची सफाई येते. मूळ आराखड्यामागचा विचार मात्र आपोआप हाती येत नाही.

बाहेरून आलेला बदल

सगळेच नवोपक्रम कंपनीच्या इच्छेने होत नाहीत. त्र्यंबक रस्त्यावरच्या मायको सर्कलला नाव देणारी मायको कंपनी 2008 पासून बॉश या नावाने चालते. डिझेल इंजिनात इंधन फवारणारे भाग ही सातपूरच्या कारखान्याची ओळख. देशात 1 एप्रिल 2017 ला बीएस-4 आणि मधला बीएस-5 गाळून 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 उत्सर्जन मानके लागू झाली. धूर कमी करायचा तर इंधनाचा दाब आणि फवाऱ्याची वेळ इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाखाली आणावी लागली आणि जुन्या यांत्रिक पद्धतीच्या भागांची मागणी ओसरली. अशा वेळी कंपनीपुढे दोन कामे एकदम येतात: जुनी लाइन शेवटच्या ऑर्डरपर्यंत चोख चालवायची आणि त्याच माणसांना नव्या लाइनसाठी तयार करायचे. अभ्यासक यासाठी ‘दोन्ही हातांनी काम करणारी संस्था’ अशी उपमा वापरतात. ज्याची दोनच मशीन आहेत आणि दोन्हींवर बँकेचे कर्ज आहे, त्या जॉब वर्कवाल्याचा दुसरा हात कोणी द्यायचा, हे त्या उपमेत येत नाही.

सूचना पेटी आणि कायझेन

टोयोटाने 1951 मध्ये कामगारांच्या सूचनांची योजना सुरू केली. भारतात गुणवत्ता मंडळांची, म्हणजे क्वालिटी सर्कलची, सुरुवात 1980 मध्ये भेलच्या (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) हैदराबाद येथील कारखान्यात झाली आणि तिथून ती देशभर पसरली. नाशिकच्या कारखान्यांत ‘कायझेन’ (छोटी, सततची सुधारणा) हा जपानी शब्द आता मराठीच झाला आहे: ‘या महिन्यात किती कायझेन दिले?’ असे सुपरवायझर विचारतो. तिथेच घोटाळा होतो. आकडा ठरवून दिला की ट्रॉलीला रंग मारणे आणि बोर्ड सरळ करणे हेही कायझेन म्हणून फायलीत जाते. ऑपरेटर हुशार असतो. वीस छोट्या कागदांना जे बक्षीस मिळते तेच एका मोठ्या सुधारणेला मिळणार असेल, तर तो वीस कागद भरतो.

योजना टिकते की विझते, हे बक्षिसाच्या रकमेपेक्षा उत्तराच्या वेगावर ठरते. पेटीत टाकलेल्या सूचनेचे काय झाले हे आठवड्याभरात कळले, नकार असला तरी कारणासह कळला, तर माणूस पुन्हा लिहितो. तीन महिने उत्तर न आलेली पेटी हळूहळू गेटपासच्या चिठ्ठ्या टाकायच्या कामी येते.

शेतातून कारखान्यात

एरिक फॉन हिपेल यांनी 1986 मध्ये ‘लीड यूझर’ ही कल्पना मांडली: काही वापरकर्त्यांची गरज बाजाराच्या पुढे धावत असते आणि ते कंपनीची वाट न पाहता स्वतःच उपाय करतात. निफाडचा बागायतदार याचे चालते उदाहरण आहे. निर्यातीच्या द्राक्षाला औषधाच्या अंशाची कडक मर्यादा असते. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अंश सापडल्यामुळे युरोपात भारतीय द्राक्षे अडली, तेव्हा ती मर्यादा किती महाग पडते हे साऱ्या पट्ट्याला कळले. त्यामुळे औषध घडावर नेमके आणि कमी कसे पडेल यासाठी ब्लोअर, नोझल आणि पंपात फेरफार करण्याची खटपट बागेत आणि गावच्या वर्कशॉपात सतत चालते. द्राक्ष-डाळिंबासाठी फवारणी यंत्रे बनवणाऱ्या ‘मित्र’ या कंपनीत महिंद्राने 2018 मध्ये हिस्सा घेतला आणि नंतर ती पूर्ण विकत घेतली. बाहेर सिद्ध झालेले काम आत आणण्याची ही रीत ओपन इनोव्हेशनमध्येच मोडते.

वाइनचे उदाहरण वेगळ्या जातीचे आहे. राजीव सामंत यांनी 1999 मध्ये सुला सुरू केली, 2000 मध्ये पहिली वाइन बाजारात आली आणि 2001 मध्ये महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया धोरण जाहीर केले. वाइन करण्याचे तंत्र जगाला ठाऊक होतेच. नवे होते ते पर्यटकाला थेट द्राक्षमळ्यात बोलावून चव दाखवणे, म्हणजे शुम्पेटर यांच्या यादीतली नवी बाजारपेठ. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने शेतकऱ्यांच्याच मालकीची कंपनी उभारून त्याच यादीतला पाचवा प्रकार, नवी रचना, करून दाखवला.

चाचणी, पेटंट आणि करसवलत

विद्युत उपकरणांत विकासापेक्षा चाचणीची रांग लांब असते. स्विचगिअरचे (वीजप्रवाह जोडण्या-तोडण्याच्या उपकरणाचे) नवे मॉडेल विकायचे तर टाइप टेस्टचा, म्हणजे त्या मॉडेलच्या नमुन्यावर केलेल्या प्रमाणित चाचणीचा, अहवाल लागतो आणि त्यासाठी नाशिकच्या उत्पादकाला पॅनेल ट्रकवर चढवून सीपीआरआय या केंद्रीय वीज संशोधन संस्थेच्या भोपाळ किंवा बेंगळुरू येथील प्रयोगशाळेत न्यावे लागत असे. चाचणीत नापास झाले की सुधारणा, पुन्हा ट्रक, पुन्हा तारीख. नाशिकजवळ शिलापूरला प्रयोगशाळा व्हावी, ही इथल्या उद्योजकांची जुनी मागणी होती.

पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे. प्रदर्शनात मांडलेल्या किंवा ग्राहकाला बिनकरार दाखवलेल्या वस्तूचे पेटंट धोक्यात येते. म्हणून अर्ज आधी, स्टॉल नंतर. कर्मचाऱ्याने केलेल्या शोधाचा मालक कोण, यावर भारतीय पेटंट कायद्यात स्वतंत्र तरतूद नाही. ते नेमणुकीच्या करारावर ठरते, आणि छोट्या युनिटमध्ये असा करार क्वचितच लिहिलेला असतो. कंपनीच्या अंतर्गत संशोधन विभागाला केंद्राच्या डीएसआयआर (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन) खात्याची मान्यता घेता येते. अशा खर्चावरची भारित करवजावट (खर्चापेक्षा जास्त रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची सवलत) 2016-17 पर्यंत 200 टक्के होती, मग 150 झाली आणि 2020-21 पासून 100 टक्क्यांवर आली.

तारीख न हलणारे फाटक

2015 च्या सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिकमध्ये ‘कुंभथॉन’ झाले. मूळचे नाशिकचे, एमआयटी मीडिया लॅबमधले रमेश रासकर त्यामागे होते. विद्यार्थी, अभियंते, डॉक्टर आणि महापालिका यांना एकत्र बसवून गर्दी, आरोग्य, निवास अशा प्रश्नांवर उपाय शोधले गेले. पायाखालच्या चटईतून माणसे मोजणारे ‘आशिओटो’ त्यांतलेच एक. त्याच प्रवाहातून टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या आधाराने ‘डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर’ हे केंद्र शहरात उभे राहिले. कंपनीतल्या फाटकाची तारीख पुढे ढकलता येते. स्नानाची पर्वणी ढकलता येत नाही, त्यामुळे ‘ट्रायल चालू’ हा शेरा इथे चालला नाही. अडचण उलट बाजूने आली: मेळा संपला की गिऱ्हाईक बारा वर्षांसाठी निघून जाते आणि तयार वस्तूला दुसरे गिऱ्हाईक शोधावे लागते. पुढचा सिंहस्थ 2026-27 मध्ये आहे.