न मिटलेली डावी शीर

गर्भात सुरुवातीला मानेकडून हृदयाकडे येणाऱ्या मोठ्या शिरा दोन्ही बाजूंना असतात. पुढे डावीकडची मिटत जाते आणि तिचं रक्त एका आडव्या शिरेवाटे उजवीकडे वळतं. या घडणीचं वर्णन लंडनच्या जॉन मार्शल यांनी १८५० मध्ये केलं. मागे उरणाऱ्या धाग्याएवढ्या शिरेला आजही त्यांचंच नाव आहे. हजारात तीन ते पाच जणांत मात्र डावी शीर मिटतच नाही. बहुतेकांत ती कोरोनरी सायनसला, म्हणजे हृदयाच्या स्नायूंतलं वापरलेलं रक्त परत आणणाऱ्या शिरेला, जाऊन मिळते. त्रास काही होत नाही, त्यामुळे कित्येकांना जन्मभर पत्ताही लागत नाही.

प्रश्न उभा राहिला तो हृदय थांबवून ऑपरेशनं होऊ लागल्यावर. १९५५ मध्ये डेनिस मेलरोज यांनी पोटॅशियम सायट्रेटने हृदय थांबवण्याची पद्धत मांडली. पण त्या तीव्र मात्रेने स्नायूलाच इजा होते असं दिसलं आणि ती मागे पडली. पोटॅशियम परत आलं ते १९७० च्या दशकात, सौम्य आणि थंड द्रावणांतून. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलचं द्रावण त्यातलंच.

हे कार्डिओप्लेजियाचं, म्हणजे हृदय थांबवणारं, द्रावण महाधमनीच्या मुळाशी सोडलं की कोरोनरी धमन्यांतून स्नायूत उतरतं. पण धमन्याच तुंबलेल्या असतील तर? आणि महाधमनीची झडप गळकी असेल तर ते डाव्या कप्प्यात सांडतं. उलटी वाट अमेरिकन सर्जन लिलेहाय यांनी १९५६ मध्येच वापरली होती: महाधमनीच्या झडपेच्या ऑपरेशनात त्यांनी कोरोनरी सायनसमधून ऑक्सिजनयुक्त रक्त मागे ढकललं. १९८० च्या दशकात पॅरिसच्या मेनाशे यांच्यासारख्यांनी याच वाटेने कार्डिओप्लेजिया द्यायला सुरुवात केली.

आणि इथेच ती जुनी शीर आडवी येते. तिच्या रक्तामुळे कोरोनरी सायनस फुगून रुंद झालेला असतो. द्रावण सोडणाऱ्या नळीचा, म्हणजे कॅथेटरचा, फुगा भिंतींना टेकतच नाही. टेकला तरी द्रावण स्नायूत न जाता शिरेतून मानेकडे पळतं, वर तिकडून येणारं रक्त उरलंसुरलं धुऊन नेतं. म्हणजे दिलेल्या मात्रेचा आकडा बरोबर, पण हृदय उपाशी. म्हणून शंका आली की डाव्या हाताच्या शिरेतून बुडबुडे मिसळलेलं सलाईन सोडून इको करतात. बुडबुडे आधी कोरोनरी सायनसमध्ये दिसले, की निदान जवळजवळ पक्कं.

मग द्रावण नेहमीच्या वाटेने, महाधमनीतून, किंवा थेट कोरोनरी धमन्यांच्या तोंडाशी देतात. डावी शीर तात्पुरती आवळूनही चालतं, पण आडवी शीर पुरेशी मोठी असेल तरच. नाहीतर डोक्याकडचं रक्त तुंबेल. खात्री नसेल तर सर्जन आधी ती शीर क्षणभर दाबतात आणि वरचा दाब किती चढतो ते पाहतात. चढलाच, तर तिच्यात रक्त काढून घेणारी वेगळी नळी.