कॅडचे ड्रॉइंग कोरलमध्ये नेताना: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

एनए प्लॉटिंगचा रंगीत नकाशा असो, दुकानाचा बोर्ड असो की लेझरवर कापायची अ‍ॅक्रिलिकची अक्षरे, मूळ फाइल बहुतेक वेळा ऑटोकॅडची असते. ती कोरलड्रॉ किंवा इलस्ट्रेटरमध्ये उघडतेही. अडचण पुढे येते. कॅडमध्ये दोन रेषा कोपऱ्यात टेकलेल्या दिसल्या आणि माप बरोबर आले की इंजिनिअरचे भागते. रंग भरायला मात्र आकार लागतो, आणि तोही बंद. म्हणून पुढच्या बहुतेक दुरुस्त्या फाइल कॅडमध्ये असतानाच करून घ्या. कोरलमध्ये आल्यावर त्याच दुरुस्त्या एकेका प्लॉटपाशी जाऊन कराव्या लागतात.

आधी एकक

डीएक्सएफ (कॅडचे ड्रॉइंग दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेण्याचा फाइल प्रकार) इम्पोर्ट करताना कोरल स्केल विचारतो. इंग्लिश म्हणजे १ युनिट = १ इंच, मेट्रिक म्हणजे १ युनिट = १ मिमी. मीटरमध्ये काढलेला १२० मीटरचा ले-आउट मेट्रिक निवडल्यावर १२० मिमीचा येतो. यात बिघडले काहीच नाही. प्रमाण १:१००० झाले, ब्रोशरला उलट सोयीचे. तोच ले-आउट मिमीमध्ये काढला असेल तर तो १,२०,००० मिमी भरतो, आणि कोरलचे सगळ्यात मोठे पान १,८०० इंच, म्हणजे ४५.७२ मीटर. इलस्ट्रेटरचा नेहमीचा कॅनव्हास तर २२७.५ इंचांचा, जेमतेम १९ फूट. अशा वेळी कॅडमध्येच स्केल कमांडने ०.००१ पट करून आणा.

फुटात काढलेला बोर्ड सगळ्यात जास्त फसवतो. १० × ४ फुटांचा बोर्ड कोरलमध्ये निवडलेल्या स्केलप्रमाणे १० × ४ मिमी किंवा १० × ४ इंच होऊन बसतो. कॅडमध्ये ३०४.८ पट करा, मग मेट्रिकमध्ये ३०४८ × १२१९.२ मिमी बरोबर येईल. स्केल झाल्यावर ड्रॉइंगच्या कडेला १०० मिमीचा एक चौकोन काढून ठेवा. आम्ही फाइल उघडल्यावर पहिल्यांदा तोच मोजतो.

मोजणीवरून आलेली फाइल

जीपीएसच्या मोजणीत यूटीएमचे, म्हणजे पृथ्वीवरची जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या पद्धतीचे, आकडे असतात. छत्रपती संभाजीनगरच्या आसपास उत्तरेकडचा आकडा २१ लाख मीटरच्या पुढे जातो. असे ड्रॉइंग कोरलमध्ये पानापासून कुठल्या कुठे जाऊन पडते, कधी रेषा दातेरी होतात. सगळे निवडून मूव्ह कमांडने ०,० वर आणा. मूळ फाइल वेगळी जपून ठेवा; हद्दीचा प्रश्न आला तर तीच लागेल.

दुसरी भानगड उंचीची. एका रेषेच्या टोकाची उंची ५६८.२ आणि दुसरीच्या टोकाची ५६८.४ असेल तर वरून पाहताना टोके जुळलेली दिसतात, पण जॉइन होत नाहीत. फ्लॅटन कमांड चालवली की सगळे शून्यावर येते.

बंद आकार

चार सुट्या लाइन म्हणजे प्लॉट नव्हे. बाउंड्री कमांड घेऊन प्रत्येक प्लॉटच्या आत क्लिक करा. प्रत्येकाची बंद पॉलिलाइन (तुकडे जोडून झालेली एकसंध रेषा) तयार होते. एखाद्या प्लॉटची होत नसेल तर कुठेतरी फट आहे. कोपऱ्यावर झूम करा आणि फिलेट त्रिज्या ० ठेवून दोन्ही रेषा जोडा. या पॉलिलाइन वेगळ्या लेयरवर ठेवा. रस्ता, ओपन स्पेस, आकडे असे लेयरही वेगळे असले तर रंग भरायचे काम फार लवकर होते.

लेझरसाठी हीच पद्धत उलटी पडते. शेजारच्या दोन आकारांची सामाईक बाजू आता दोनदा आहे, म्हणजे लेझर तिथून दोनदा जाणार आणि अ‍ॅक्रिलिकची कड वितळणार. कापायच्या फाइलवर ओव्हरकिल कमांड चालवून दुहेरी रेषा काढून टाका. त्यानंतर एक्स-रेफ (बाहेरून जोडलेले ड्रॉइंग) असेल तर बाइंड करून फाइलमध्येच घ्या, मग पर्ज कमांडने न वापरलेल्या गोष्टी काढून टाका. हॅच (आकारात भरलेली रेघांची नक्षी) पाठवू नका, त्याच्या शेकडो तुटक रेषा होतात. रंग आम्ही भरतो.

डीएक्सएफ आर१२ मध्ये सेव्ह करू नका. त्या प्रकारात स्प्लाइन (सलग वक्र रेषा) नाहीच, त्यामुळे नक्षीदार वळणाचे बारीक सरळ तुकडे होतात. २००४ किंवा २०१० निवडा.

मराठी मजकूर

कॅडमध्ये मराठी लिहूच नका, असे आमचे स्पष्ट मत आहे. जुन्या फॉण्टमधला मजकूर तो फॉण्ट नसलेल्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा काला होऊन दिसतो. युनिकोडमध्ये असला तरी मात्रा आणि जोडाक्षरे सुटण्याची भीती असते. ड्रॉइंगमध्ये फक्त प्लॉट नंबर ठेवा आणि नावे व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीत टाइप करून पाठवा. आम्ही कोरलमध्ये मांडून प्रूफ दाखवू. तुम्ही होकार दिल्यावर कंट्रोल + क्यू दाबून अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे नुसते आकार, केले जातात. त्यानंतर ऱ्हस्व-दीर्घ बदलायचा तर ओळ नव्याने टाइप करावी लागते.

स्वतः कोरल शिकणाऱ्यांसाठी

कॅडमधल्या ऑफसेटच्या जागी कॉन्टूर घ्या, कंट्रोल + एफ९. नंतर कंट्रोल + के दाबून सुटे करा. अ‍ॅरेसाठी स्टेप अँड रिपीट. ट्रिमची सवय असेल त्याला व्हर्च्युअल सेगमेंट डिलीट हे टूल आवडेल. रंग भरल्यावर आकडे झाकले गेले तर रंगाचा आकार निवडून शिफ्ट + पेज डाउन. आणि एफ१२ दाबून येणाऱ्या आउटलाइनच्या खिडकीत स्केल विथ ऑब्जेक्टवर टिक करा, नाही तर नकाशा चौथाई केल्यावर रेषा तेवढ्याच जाड राहतात आणि लहान प्लॉट काळे होतात.

मशिनच्या सुट्या भागांसाठी मात्र कोरलच्या वाटेला जाऊ नका. कॅडमधला गोल खरा गोल असतो. कोरलमध्ये तो चार बेझिए वक्रांचा होतो आणि त्रिज्येच्या सुमारे ०.०२७ टक्के चुकतो. ६०० मिमी त्रिज्येला ही चूक ०.१६ मिमी. बोर्डावर ती कुणाला दिसत नाही, बेअरिंगच्या बैठकीत खटकते. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यांचे असे काम असेल तर डीएक्सएफ थेट द्या, आम्ही ती तशीच मशिनवर घेऊ.