बेस गिटार खरंच ऐकू येत नाही का?

‘बेस ऐकूच येत नाही, नसला तरी चालतं.’ हौसेनं बेस वाजवायला लागल्यापासून हे ऐकतोय. तसं वाटणं साहजिक आहे, कारण गाणी आपण बहुतेक मोबाइलवर ऐकतो. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंपते, साध्या गिटारची ८२ वेळा. इतका खालचा स्वर मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला पेलवत नाही. ऐकू येतात ते त्याच स्वराचे दुप्पट-तिप्पट कंपनांचे अंश; त्यांवरून मेंदू मूळ स्वर जुळवतो. (आमच्या आईला मात्र कपाटाची काच थरथरली की बेस बरोबर ‘ऐकू’ येतो.)

पडताळायचंय? एकच गाणं आधी मोबाइलवर, मग चांगल्या हेडफोनवर ऐका. ड्रमच्या पायठोक्याला चिकटून चालणारा जाड स्वर म्हणजे बहुधा बेसच. आता इक्वलायझरमध्ये (म्हणजे खालचे-वरचे स्वर कमी-जास्त करायच्या सोयीत) खालच्या स्वरांच्या पट्ट्या तळाला ओढा. गाणं लगेच पोकळ वाटू लागतं.