स्नॅप आणि विक: फरक काउंटरवर कळतो

अमेरिकेत सुपरमार्केटच्या रांगेत पुढच्या बाईनं सरकारी कार्ड काढलं की मागचे लोक सरसकट ‘फूड स्टॅम्प’ (गरिबांना किराण्यासाठी मिळणारी सरकारी मदत) म्हणून मोकळे होतात. पुष्कळदा ते कार्ड विकचं (WIC), म्हणजे आया आणि लहान मुलांच्या आहार योजनेचं असतं. दोन्ही योजना केंद्रीय कृषी खात्याच्याच, त्यामुळे गल्लत होते.

जुन्या फूड स्टॅम्पचं नाव २००८ पासून स्नॅप. कायदा १९६४ चा. मिळकत आणि घरातली माणसं बघून दरमहा कार्डावर रक्कम जमा होते आणि काय शिजवायचं ते घर ठरवतं. तांदूळ घ्या, मटण घ्या, कुंडीत लावायला टोमॅटोचं रोप घ्या. (काही राज्यांनी अलीकडे कोल्ड्रिंक वगळलंय.) गरम जेवण मात्र चालत नाही. दुकानात भाजलेली कोंबडी गरम कपाटात असेल तर कार्ड नाकारलं जातं. तीच गार करून फ्रिजमध्ये ठेवली की चालते! काही राज्यांत बेघर, वृद्ध आणि अपंगांना ठरावीक हॉटेलांत गरम जेवण कार्डावर घेता येतं, बाकीच्यांना नाही. दोन पाळ्या करून रात्री नऊला घरी निघालेल्या आईनं मुलांना काय गार कोंबडी द्यायची? मला हा नियम निव्वळ अपमानाचा वाटतो.

विक १९७२ साली प्रयोग म्हणून सुरू झाली. गरोदर बायका, बाळंतिणी आणि पाच वर्षांपर्यंतची मुलं, एवढ्यांसाठीच. इथे मिळते ती यादी: इतकं दूध, इतकी अंडी, कडधान्य, पीनट बटर. बाळाच्या दुधाची पावडर राज्याचा ज्या कंपनीशी करार असेल तिचीच. फक्त फळं-भाज्यांसाठी थोडी रक्कम असते. यादी पोषणाचा विचार करून केलेली आहे, ते मान्य. पण पूर्वी कागदी चिठ्ठ्या असायच्या तेव्हा कॅशियर एकेक वस्तू ताडून बघायची, डबा चुकीच्या वजनाचा निघाला की मॅनेजरला हाक, रांग खोळंबलेली आणि आई कडेवरच्या बाळासकट डबा बदलायला मागे पळतेय. आता कार्ड आलंय, चिठ्ठ्या गेल्या. डबा चुकला तर अजूनही परत ठेवावाच लागतो.

एकाच घराला दोन्ही मिळू शकतात. मग पट्ट्यावर सामानाचे तीन ढीग लागतात: आधी विकचं, मग स्नॅपचं, आणि शेवटी साबण, डायपर आणि सॅनिटरी पॅड. हे दोन्हींत बसत नाही, त्याचे पैसे स्वतःच्या खिशातून मोजायचे.