गर्भाशयमुखाचा कर्करोग: प्रतिकारपेशींच्या जनुकांवरून पूर्वानुमान कसे बांधले जाऊ लागले

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या टप्प्यांची पहिली आंतरराष्ट्रीय वर्गवारी १९२९ साली राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने तयार झाली. रेडियमने उपचार करणाऱ्या केंद्रांना आपापले निकाल एकमेकांशी ताडून पाहायचे होते, म्हणून ‘पहिला टप्पा’ म्हटल्यावर सगळीकडे तोच अर्थ निघायला हवा होता. पुढे ही वर्गवारी फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाकडे आली. २०१८ च्या सुधारणेत लसिकाग्रंथींपर्यंतच्या प्रसारालाही तिच्यात स्वतंत्र जागा मिळाली. उपचार ठरवताना आजही तिचाच आधार घेतला जातो आणि ते योग्यच आहे. पण गाठ केवढी आहे आणि कुठवर पोचली आहे, यापलीकडे ती काही सांगत नाही. एकाच टप्प्यातल्या, सारखेच उपचार झालेल्या दोन स्त्रियांपैकी एक बरी होते आणि दुसरीचा आजार उलटतो. असे का होते, हे टप्प्यावरून कळत नाही. प्रतिकारपेशींच्या जनुकांकडे संशोधक वळले ते या प्रश्नापायी.

गाठीत पांढऱ्या पेशी असतात, हे रुडॉल्फ व्हिर्चो यांनी १८६३ मध्येच नोंदवले होते. मात्र त्या पेशी कर्करोगाच्या बाजूच्या की विरोधातल्या, हा वाद पुढे शतकभर चालला. शरीर नव्याने उद्भवणाऱ्या कर्कपेशींना दाबून ठेवत असावे, अशी कल्पना पॉल एर्लिख यांनी १९०९ मध्ये मांडली. १९५० च्या दशकाअखेर मॅकफार्लेन बर्नेट आणि लुइस थॉमस यांनी तिला प्रतिकारयंत्रणेच्या पहाऱ्याच्या सिद्धान्ताचे रूप दिले. तरीही बहुतेक कर्करोगांच्या बाबतीत एक अडचण उरायची. कर्कपेशी आपल्याच शरीरातली असते, मग प्रतिकारयंत्रणेने तिला परकी का मानावे?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ही अडचण जवळजवळ नाही, आणि या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते. हाराल्ड झुर हाउझेन यांच्या गटाने १९८३ आणि १९८४ मध्ये या कर्करोगाच्या ऊतींतून मानवी पॅपिलोमा विषाणूचे १६ आणि १८ हे प्रकार वेगळे केले. २००८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूची ई६ आणि ई७ ही प्रथिने अनुक्रमे पी५३ आणि आरबी या पेशीच्या दोन रक्षक प्रथिनांना निकामी करतात. पेशी कर्करोगी झाल्यावरही ही दोन प्रथिने तयार होत राहावी लागतात, कारण ती थांबली की कर्कपेशींची वाढ कोलमडते. म्हणजे गाठ जिवंत आहे तोवर तिच्यात विषाणूचा परका अंश असतो आणि टी-पेशी या परके अंश हुडकणाऱ्या प्रतिकारपेशींना तो ओळखता येऊ शकतो.

प्रतिकारशक्ती इथे खरोखर काम करते, याचा पुरावा रुग्णालयांतूनही मिळाला. या विषाणूचे बहुतेक संसर्ग वर्ष-दोन वर्षांत आपोआप ओसरतात. ज्या स्त्रियांची प्रतिकारशक्ती एचआयव्हीने खचलेली असते त्यांच्यात मात्र या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट असतो. १९९३ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने गर्भाशयमुखाच्या पसरत्या कर्करोगाचा समावेश एड्सची व्याख्या ठरवणाऱ्या आजारांत केला.

यानंतरची पायरी गाठीतल्या पेशी मोजण्याची होती. विशिष्ट प्रथिनांना रंगवणारी प्रतिपिंडे हाती आल्यावर पॅथॉलॉजिस्टना सूक्ष्मदर्शकाखाली टी-पेशींचे प्रकार वेगवेगळे ओळखता येऊ लागले. २००३ मध्ये अंडाशयाच्या प्रगत कर्करोगावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यातल्या आकड्यांनी अनेकांचे लक्ष वेधले. ज्यांच्या गाठीत टी-पेशी होत्या त्यांच्यातल्या ३८ टक्के स्त्रिया पाच वर्षांनंतर हयात होत्या. ज्यांच्या गाठीत त्या नव्हत्या, त्यांच्यात हे प्रमाण ४.५ टक्के होते. २००६ मध्ये जेरोम गालों यांच्या गटाने मोठ्या आतड्याच्या कर्करोगात प्रतिकारपेशींचा प्रकार, दाटी आणि जागा यांवरून रुग्णाचे पुढे काय होईल याचा अंदाज, म्हणजेच पूर्वानुमान, बांधता येतो, असे दाखवले.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगातले पायाभूत काम नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांचे. ज्या गाठींत कर्कपेशींच्या थेट मध्ये शिरलेल्या सीडी८ टी-पेशी, म्हणजे मारक टी-पेशी, भरपूर होत्या, त्या रुग्णांत लसिकाग्रंथींपर्यंत प्रसार झालेला नव्हता, असे त्यांना २००७ मध्ये आढळले. पुढच्या वर्षीच्या अभ्यासात त्यांनी एक बारकावा पुढे आणला. मारक टी-पेशी किती आहेत, एवढ्याने भागत नाही. त्यांना आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशींच्या तुलनेत त्या किती आहेत, हे पाहावे लागते. शिवाय कर्कपेशींनी एचएलए वर्ग १ ची प्रथिने पृष्ठभागावर ठेवली आहेत का, हेही बघावे लागते, कारण टी-पेशीला शत्रूचा अंश दिसतो तो याच प्रथिनांवर मांडलेला. ती नाहीशी झाली तर गाठीत शिरलेली टी-पेशीही काही करू शकत नाही. नियामक टी-पेशींची ओळख पटवणारे जनुक म्हणजे फॉक्सपी३. ते शोधणाऱ्या मेरी ब्रंकॉ व फ्रेड रॅम्सडेल यांना आणि या पेशींचा छडा लावणाऱ्या शिमोन साकागुची यांना २०२५ चे नोबेल मिळाले.

रंगवलेल्या काचपट्टीवर एका वेळी थोडीच प्रथिने पाहता येतात. आरएनए मोजण्याच्या तंत्राने एकाच नमुन्यातल्या हजारो जनुकांची सक्रियता वाचता येऊ लागली आणि कामाची पद्धतच पालटली. अमेरिकेतल्या कॅन्सर जिनोम अ‍ॅटलास या प्रकल्पाने २०१७ मध्ये गर्भाशयमुखाच्या २२८ प्राथमिक गाठींचे विश्लेषण प्रसिद्ध केले. वारंवार बदललेल्या जनुकांत तिथे एचएलए वर्ग १ मधल्या एका प्रथिनाचे, एचएलए-ए चे, जनुक होते. काही गाठींत पीडी-एल१ आणि पीडी-एल२ या टी-पेशींना थोपवणाऱ्या प्रथिनांच्या जनुकांच्या जादा प्रती सापडल्या. लायडनमध्ये प्रथिनांच्या पातळीवर दिसलेली लपण्याची धडपड इथे थेट डीएनएत नोंदलेली होती.

आरएनए मोजताना मात्र गाठीचा तुकडा सबंध कुटून एकजीव केला जातो. कर्कपेशी, रक्तवाहिन्या, प्रतिकारपेशी या सगळ्यांचा आरएनए त्यात एकत्र येतो. त्यातून प्रतिकारपेशींचा वाटा वेगळा काढण्यासाठी गणिती पद्धती आल्या. २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाची सायबरसॉर्ट ही पद्धत आली. ५४७ जनुकांच्या आधारे ती २२ प्रकारच्या प्रतिकारपेशींचे प्रमाण अजमावते. त्याच वर्षी आणखी एका गटाने ग्रॅन्झाइम ए आणि परफोरिन या दोनच जनुकांवरून मारक पेशी किती कामाला लागल्या आहेत, याचा निर्देशांक मांडला. परफोरिन कर्कपेशीच्या आवरणाला भोक पाडते आणि त्यातून ग्रॅन्झाइम आत शिरते. साध्या, अर्थपूर्ण अशा या निर्देशांकाचे मोल मला लांबलचक याद्यांपेक्षा जास्त वाटते.

याद्या मात्र पुष्कळ आल्या. अ‍ॅटलासमधल्या या कर्करोगाच्या सुमारे ३०० रुग्णांची माहिती सर्वांना खुली झाल्यावर एक ठराविक कृती रूढ झाली. प्रतिकारयंत्रणेशी संबंधित जनुके घ्यायची, संख्याशास्त्रज्ञ कॉक्स यांच्या १९७२ च्या पद्धतीने त्यांचा जगण्याशी संबंध तपासायचा, लासो या कमी उपयोगाची जनुके गाळणाऱ्या पद्धतीने यादी पाच-दहा जनुकांवर आणायची, तिच्यावरून जोखीम-गुण काढायचा आणि रुग्णांचे जास्त व कमी जोखमीचे असे दोन गट पाडून जगण्याचे आलेख काढायचे. अशा प्रत्येक अभ्यासातली यादी वेगळी. नवख्या वाचकाला त्यामुळे निकाल एकमेकांना खोडतात असे वाटू शकते. पण टी-पेशींची जनुके एकत्रच वाढतात आणि एकत्रच घटतात, त्यामुळे वेगवेगळ्या याद्या बऱ्याचदा एकच गोष्ट मोजत असतात: गाठीत टी-पेशी आल्या की नाही. टी-पेशींवर असणाऱ्या आणि त्यांना आवर घालणाऱ्या पीडी-१ सारख्या रेणूची (पीडी-एल१ यालाच चिकटते) वाढलेली पातळी पुष्कळदा चांगल्या पूर्वानुमानाशी जोडलेली दिसते, त्याचेही कारण हेच. हा रेणू जिथे दिसतो तिथे टी-पेशी पोचलेल्या असतात.

या याद्यांबद्दल सावध का राहायचे, हे २०११ च्या स्तनकर्करोगावरच्या एका विश्लेषणातून कळते. यदृच्छया निवडलेल्या जनुकांच्या बहुतेक मोठ्या याद्याही तिथे जगण्याशी ‘लक्षणीय’ संबंध दाखवत होत्या. म्हणजे संख्याशास्त्रीय लक्षणीयता हाती आली एवढ्यावरून एखादी यादी उपयोगाची ठरत नाही. दुसऱ्या रुग्णांत, आधीच ठरवलेल्या निकषांवर ती टिकते का आणि टप्प्याच्या वर्गवारीहून जास्त काही सांगते का, हे तपासावे लागते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात गालों यांच्या कल्पनेतून निघालेल्या इम्युनोस्कोअरची अनेक देशांतल्या रुग्णांवर पडताळणी होऊन निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तेवढी कसोटी गर्भाशयमुखाच्या कर्करोगातल्या याद्यांनीही द्यायला हवी. या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंपैकी ९४ टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. तिथल्या स्त्रियांचे नमुने या पडताळणीत असलेच पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

दरम्यान उपचारही बदलले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब या पीडी-१ रोखणाऱ्या औषधाला, केमोथेरपीनंतरही बळावलेल्या, पीडी-एल१ असलेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी मान्यता दिली. ज्या चाचणीवर ही मान्यता आधारलेली होती तिच्यात अशा ७७ पैकी ११ जणींची गाठ आटली होती. २०२१ मध्ये केमोथेरपीच्या जोडीने आणि जानेवारी २०२४ मध्ये प्रगत टप्प्यांत किरणोपचार व केमोथेरपीच्या जोडीने या औषधाचा वापर मान्य झाला. अ‍ॅटलासमधल्या रुग्णांवर झालेले उपचार मात्र याच्या आधीचे होते. त्यांच्या माहितीवर बेतलेला जोखीम-गुण जुन्या उपचारांनंतर काय होईल ते सांगतो. नव्या औषधाचा फायदा कोणाला होईल, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याची तपासणी ते औषध घेतलेल्या रुग्णांतच करावी लागते.