मधुमेह, हार्ट फेल्युअर आणि कातडीचा रंग

अमेरिकेतल्या बर्मिंगहॅम, शिकागो, मिनिआपोलिस आणि ओकलंड या चार शहरांतून 1985-86 साली 5,115 तरुण-तरुणी ‘कार्डिया’ नावाच्या अभ्यासात सहभागी झाले. वय 18 ते 30, साधारण निम्मे कृष्णवर्णीय आणि निम्मे गोरे. पुढच्या 20 वर्षांत त्यांच्यातल्या 27 जणांना हार्ट फेल्युअर झालं. त्या 27 पैकी 26 कृष्णवर्णीय होते आणि आजार जडला तेव्हा त्यांचं सरासरी वय होतं अवघं 39. हा म्हातारपणचा आजार आहे, असं आपण धरून चालतो. या माणसांची मुलं अजून शाळेत जात असतील.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. हृदयाला शरीराच्या गरजेइतकं रक्त पुरवणं जमेनासं होतं, मग फुप्फुसांत पाणी साठतं, पाय सुजतात, आडवं झालं की दम लागतो आणि इस्पितळ गाठावं लागतं. मधुमेह याला दोन्हीकडून हातभार लावतो. वर्षानुवर्षं चढी राहिलेली साखर हृदयातल्या बारीक रक्तवाहिन्या बिघडवते, स्नायू ताठर करते. ताठर हृदय नीट सैलावत नाही, म्हणून पुरतं भरतही नाही. दुसरीकडे मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवू लागतात. त्यात बीपी जास्त असेल तर हे सगळं फार लवकर घडतं.

म्हणूनच ‘मेसा’ या दुसऱ्या मोठ्या अभ्यासातले आकडे महत्त्वाचे वाटतात. दर हजार माणसांमागे वर्षाला हार्ट फेल्युअरचे नवे रुग्ण कृष्णवर्णीयांत 4.6, हिस्पॅनिकांत (म्हणजे स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेल्यांत) 3.5, गोऱ्यांत 2.4 आणि चिनी वंशाच्या अमेरिकनांत 1.0 असे निघाले. पण बीपी आणि मधुमेह हिशेबात धरल्यावर कृष्णवर्णीय आणि गोऱ्यांमधली तफावत बरीचशी विरली. शिवाय कृष्णवर्णीयांतल्या चारपैकी तीन रुग्णांना आधी हार्ट अटॅक आलेलाच नव्हता. म्हणजे छातीत कळ येण्याची वाट पाहत बसलं, तर यांतले बहुतेक जण नजरेतून सुटणार.

आनुवंशिकतेचा वाटा अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही. ट्रान्सथायरेटिन या प्रथिनाच्या जनुकातला एक बदल सुमारे 3 ते 4 टक्के आफ्रिकी-अमेरिकनांत सापडतो आणि त्याने हृदयाचा स्नायू ताठर होऊ शकतो. पण एवढ्याशा टक्केवारीतून 27 पैकी 26 हा आकडा येत नाही. ‘कार्डिया’तच दिसलं की विशीतल्या कृष्णवर्णीयांचं खालचं बीपी 10 अंकांनी जास्त असेल, तर पुढे हार्ट फेल्युअरची शक्यता दुप्पट होते. विशीतलं बीपी मोजून घ्यायला आणि गोळी चालू ठेवायला विमा लागतो, जवळपास दवाखाना लागतो, डॉक्टरवर विश्वास लागतो.

आणि विमा असूनही भागत नाही. एम्पाग्लिफ्लोझिनसारखी औषधं जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर काढतात आणि तिच्याबरोबर मीठ-पाणीही जातं. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या औषधाने मधुमेहींचं हार्ट फेल्युअरसाठी इस्पितळात दाखल होणं 35 टक्क्यांनी घटवलं. त्या चाचणीत कृष्णवर्णीय होते जेमतेम 5 टक्के. पुढे खासगी विमा असलेल्या मधुमेहींच्या नोंदी तपासल्या, तर या गटातली औषधं गोऱ्यांच्या मानाने कृष्णवर्णीयांना कमी मिळत होती. ज्यांना सर्वाधिक गरज, त्यांच्याच हाती औषध कमी! हे मला फार अस्वस्थ करतं.

त्याच नोंदींत आशियाई वंशाच्या रुग्णांनाही ही औषधं कमी दिलेली आढळली. न्यू जर्सीतली किंवा शिकागोतली मराठी कुटुंबं याच रकान्यात येतात. ‘मेसा’तल्या चिनी वंशाच्या लोकांचा 1.0 हा आकडा त्यांना लागू धरणं मात्र चूक ठरेल. दक्षिण आशियाईंसाठी सॅन फ्रान्सिस्को परिसर आणि शिकागो इथे ‘मसाला’ नावाचा वेगळा अभ्यास 2010 पासून सुरू झाला. त्यातल्या पहिल्या 906 जणांत मधुमेहाचं प्रमाण ‘मेसा’तल्या चारही गटांपेक्षा जास्त निघालं.