स्टॅटिक रोप आणि डायनॅमिक रोप: लीड करायच्या आधी एवढं बघाच

गेल्या रविवारी सकाळी पोहे-जलेबी खाऊन आम्ही चौघं महूच्या पुढे निघालो, तिकडे रस्त्याला अगदी लागून तेरा-एक मीटरचा एक कातळ आहे, गाडी लावली की दोन मिनिटांत हार्नेस घालून तयार, म्हणून आमच्या इंदूरची नवी पोरं तिथेच हात साफ करतात. भाच्याने या वेळी स्वतःचा रोप आणला होता. पांढराशुभ्र, ११ मिलिमीटरचा, कोरा करकरीत. टोकाला फिगर ऑफ एटची गाठ मारली आणि निघालाच की लीड करायला, म्हणजे रोप खालून सोबत नेत, वाटेत कातळात ठोकलेल्या बोल्टना अडकवत वर चढायला! मी म्हटलं थांब, हा स्टॅटिक आहे, फारसा न लांबणारा, लीडला डायनॅमिक लागतो, जोर आला की लांबणारा. तर म्हणतो, "मावशी, अगं रोप तो रोपच ना, आणि हा तर तुझ्या रोपापेक्षा जाड आहे, याच्यावर २२ किलोन्यूटन लिहिलंय, तुझ्यावाल्याच्या माहितीत फक्त ९!"

माझ्या पोटात गोळाच आला. कारण त्याने लेबल वाचलं होतं, नीट वाचलं होतं, आणि तरी उलटा अर्थ काढला होता. रॅपलिंगपासून (रोपवरून कडा उतरणं) सुरुवात केलेल्या बऱ्याच जणांचं असंच होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

स्टॅटिकवरचे २२ म्हणजे तो तुटायला किती जोर लागेल ते, साधारण २२०० किलोचं वजन. ईएन १८९१ हे युरोपचं मानक आहे, त्यात ए टाइपच्या रोपला किमान एवढी ताकद लागतेच. डायनॅमिकवरचे ९ म्हणजे तो तुटायचा आकडा नाहीच मुळी! तुम्ही जोरात पडलात तर रोप तुम्हाला किती झटका देईल त्याचा आहे तो आकडा. म्हणजे एक जितका मोठा तितका बरा आणि दुसरा जितका छोटा तितका बरा, आणि आपण दोन्ही शेजारी ठेवून भाजीच्या भावासारखी तुलना करतो. डायनॅमिकचं मानक वेगळं, ईएन ८९२. त्यात सिंगल रोपला ८० किलोचं वजन बांधून पाडतात, पहिल्या फॉलचा झटका १२ किलोन्यूटनच्या वर गेला तर रोप नापास, आणि असे किमान ५ फॉल त्याने झेलायला हवेत. (हे टेस्टमधले फॉल फार भयंकर असतात हं, पाच वेळा पडलात की रोप टाकून द्या असा त्याचा अर्थ नाही.)

वरून दोन्ही जुळे भाऊ वाटतात. आत नायलॉनचा गाभा, वर विणलेलं कव्हर, हे कर्नमँटल डिझाइन १९५३ मध्ये एडेलरिड कंपनीने आणलं आणि आज दोन्ही रोप त्याच पद्धतीचे असतात. फरक गाभ्यात आहे. डायनॅमिकच्या गाभ्यातले धागे पिळलेले असतात आणि गरम प्रक्रियेत आखडवलेले असतात, जोर आला की ते लांबतात आणि पडण्याची ताकद पिऊन टाकतात. स्टॅटिकमध्ये धागे बऱ्यापैकी सरळ, त्यामुळे लांबायला जागाच कमी, आणि जी ताकद रोपने प्यायला हवी होती ती मग तुमच्या कंबरेत, मणक्यात आणि बोल्टमध्ये जाते. रोप तुटत नाही, पण माणूस मोडतो.

आता कोणी म्हणेल एवढासा कातळ, तीन मीटर पडलो तर काय होतंय. इथेच मोठी चूक होते. झटका किती बसणार हे तुम्ही किती पडलात एवढ्यावर ठरत नाही, किती पडलात भागिले बिलेयरपासून (खाली तुमचा रोप धरणारा) तुमच्यापर्यंत किती रोप बाहेर आहे यावर ठरतं, त्याला फॉल फॅक्टर म्हणतात. उंच भिंतीवर २४ मीटर रोप बाहेर असताना ३ मीटर पडलात तर फॅक्टर ०.१२५, जवळजवळ झोपाळ्यासारखं. आमच्या कातळावर पहिला बोल्ट अडीच मीटरवर, तुम्ही चार मीटरवर असताना सुटलात तर पडणार तेच ३ मीटर (दीड बोल्टपर्यंत, दीड त्याच्या खाली), पण रोप बाहेर ४ मीटर, फॅक्टर ०.७५! म्हणजे सहापट. शिवाय जमीन हातभर खालीच, म्हणून तिथे बिलेयरने डोळा हलवायचा नाही आणि फालतू ढील द्यायची नाही. छोटा कातळ म्हणजे सोपा कातळ नव्हे, उलट रोपला काम करायला तिथे लांबीच मिळत नाही.

मग स्टॅटिक वाईट का? अजिबात नाही! पावसाळ्यात धबधब्यावर रॅपलिंग करताना, व्हॅली क्रॉसिंगला, रेस्क्यूमध्ये, सामान ओढायला तोच पाहिजे, डायनॅमिकवर उतरलात तर वरखाली हिंदकळत राहाल आणि प्रत्येक हिसक्याला रोप कड्याच्या धारेवर करवतीसारखा घासेल. आमच्या इथला काळा बेसॉल्ट धारेला फार बोचरा आहे. म्हणून वरच्या झाडापासून कड्यापर्यंत अँकर (रोप बांधायचा पक्का आधार) लांबवायचा असला तर मी नेहमी स्टॅटिकच वापरते, धारेवर जुन्या जीन्सचा पाय घालून.

टॉप रोपचं मात्र मधलंच प्रकरण आहे, कारण तिथे रोप वरून येतो आणि ताणून धरला असला तर मोठा फॉल होतच नाही. तेरा मीटरवर अँकर असेल आणि तुम्ही जमिनीपासून दीड मीटरवर असाल तर वर जाऊन परत खाली येणारा रोप चोवीसेक मीटर भरतो, डायनॅमिक असेल तर सात टक्के ताण धरला तरी दीड मीटरच्या वर लांबतो, म्हणजे तुम्ही थेट जमिनीवर! पहिल्या दोन-तीन मूव्हला बिलेयरने रोप तंग ठेवायचा तो यासाठी. तिथे स्टॅटिकने कमी लांबतं हे खरंय, पण ढील पडू दिली की तोच धोका परत आला.

ओळखायचा कसा? रंगावर जाऊ नका. पांढरा म्हणजे स्टॅटिक असं बरेच मानतात, पण रंगीत स्टॅटिकही येतात. रोपच्या टोकाची पट्टी बघा: डायनॅमिक सिंगल असेल तर गोलात १ असतो, स्टॅटिकवर इंग्रजी ए किंवा बी आणि पुढे जाडी. पट्टी निघून गेली असेल आणि कोणालाच माहीत नसेल तर त्या रोपवर लीड करायचं नाही, बास. ट्रकवर सामान बांधायचा बाजारातला नायलॉन दोर तर यात धरूच नका.

आणखी एक, दोन्हींना लागू: काळी माती लागू द्यायची नाही, खाली ताडपत्री टाका, आणि रोप गाडीच्या डिकीत बॅटरीजवळ कधी ठेवू नका, ॲसिडचा डाग दिसतही नाही आणि नायलॉन आतून सडतो.

भाच्याला मात्र हे सगळं सांगून पटेना, तोंड पाडून बसला, नवीन रोपाचा हिरमोड झाला बिचाऱ्याचा. मग वरच्या अँकरला दोन्ही रोप लावले, प्रत्येकी बरोबर दहा मीटर, खाली लूप करून त्याला आधी पांढऱ्यावर हळूच बसवलं. पाय जिथे टेकत होते तिथे कातळावर चॉकची रेघ, मग पूर्ण वजन टाकल्यावर दुसरी. अंतर एक वीत आणि दोन बोटं. मग माझ्या जुन्या निळ्या रोपवर. रेघेपासून खाली, खाली, थेट तीन वितींच्या वर. काही न बोलता त्याने आपला पांढरा रोप गुंडाळला, झाडाला बांधायला वर घेऊन गेला, आणि वरून ओरडला, "मावशी, निळा टाक, मी लीड करतो!"